फिफ्टीन केपासून वर: मुलींच्या व्यावसायिक टेनिसबद्दल मोकळेपणाने

नव्या मुलीचं नाव घालायला येणारे आईबाबा पहिल्या भेटीत हमखास दोन प्रश्न विचारतात. "मॅडम, हिच्यात सानिया होण्याचं टॅलेंट आहे का?" आणि "साधारण खर्च किती येतो?" पहिल्याचं उत्तर मी देत नाही, कारण नऊ वर्षांच्या पोरीबद्दल ते कुणालाच देता येत नाही. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे आणि आपल्याकडे ते कुणी धड सांगत नाही, म्हणून हा लेख. मी काही वर्षं आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा खेळले, रँकिंगमध्ये आले, फार वर गेले नाही, आणि आता पुण्यात मुलींना शिकवते. टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा बरंच खालचं टेनिस मी पाहिलंय. पण या धंद्यातल्या बहुतेक मुली आयुष्यभर तिथेच खेळतात, तेव्हा तिथलंच सांगते.

सुरुवात देशातल्या देशात होते. आयटाकडे, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेकडे नोंदणी करायची आणि १२, १४, १६, १८ वर्षांखालील गटांत खेळत गुण गोळा करायचे. महाराष्ट्रातल्या मुली याबाबतीत सुदैवी आहेत. पुणे, मुंबई, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर इथे स्पर्धा होत असतात, रात्रीच्या गाडीने जाऊन येता येतं. तेरा पूर्ण झाली की आयटीएफच्या ज्युनियर स्पर्धा खेळता येतात. त्यासाठी आयपिन नावाचा खेळाडू क्रमांक काढावा लागतो. चौदा पूर्ण झाल्यावर मोठ्या बायकांच्या व्यावसायिक स्पर्धांचं दार उघडतं, पण अठरा होईपर्यंत वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर डब्ल्यूटीएची, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची मर्यादा असते. हा नियम ऐकला की काही बाबा लोक चिडतात. "आमची तयार आहे, मग अडवता कशाला?" त्यांना मी जेनिफर कॅप्रियातीची गोष्ट सांगते. ती १९९० मध्ये चौदावा वाढदिवस यायच्या आधीच व्यावसायिक झाली, त्याच वर्षी जगातल्या पहिल्या दहांत पोहोचली आणि सतराव्या वर्षी खेळ सोडून घरी बसली. पुढे परत येऊन तिने २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच जिंकली, पण असं परतणं सगळ्यांना जमत नाही. मला तो नियम आवडतो.

आता आकड्यांचा घोळ. महिलांच्या आयटीएफ स्पर्धांना डब्ल्यू १५, ३५, ५०, ७५ आणि १०० अशी नावं आहेत. हा आकडा हजार डॉलरमधल्या बक्षिसाचा असं अजूनही खूप जण धरून चालतात. डब्ल्यू १५ आणि डब्ल्यू १०० पुरतं ते खरं आहे, आणि जुन्या सवयीने आपण डब्ल्यू १५ ला 'फिफ्टीन के' म्हणतो. पण २०२४ पासून या नावातला आकडा विजेतीला मिळणाऱ्या गुणांचा आहे. ३५ जिंकली तर ३५ गुण. याच्या वर डब्ल्यूटीए १२५, २५०, ५००, १००० आणि सगळ्यांत वर चार ग्रँड स्लॅम. जागतिक रँकिंगमध्ये नाव यायला एकेरीत एकतर तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण हवेत किंवा एकूण १० गुण. हे गुण ५२ आठवडे टिकतात, मग गळतात. म्हणजे गेल्या डिसेंबरात एखादी स्पर्धा जिंकून रँकिंग वर गेलं असेल तर या डिसेंबरात तेवढंच परत मिळवावं लागतं. पॉइंट डिफेंड करणं म्हणतात ते हेच. बऱ्याच मुली पहिल्या वर्षी भराभर वर जातात आणि दुसऱ्या वर्षी रोज सकाळी रँकिंगच बघत बसतात.

पैशाकडे येते. डब्ल्यू १५ च्या मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, पहिल्या फेरीत हरलं की हातात दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, त्यातून कर कापला जातो तो वेगळाच. अख्खी स्पर्धा जिंकली तरी अडीच हजार डॉलरच्या आतच. यातून विमान, हॉटेल, जेवण, कोचचा खर्च. उलट २०२५ च्या विम्बल्डनमध्ये मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलीला ६६,००० पौंड मिळाले, आणि क्वालिफाइंगच्या, म्हणजे मुख्य ड्रॉमध्ये शिरण्यासाठीच्या पात्रता सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत हरणारीला १५,५००. हा दुसरा आकडा नीट बघा. ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये १२८ मुली असतात, त्यातल्या १०४ थेट रँकिंगवर येतात. त्यांच्या मागे क्वालिफाइंगमध्ये आणखी १२८. म्हणजे साधारण सव्वादोनशे-दोनशे तीसपर्यंत रँकिंग असेल तर वर्षातून चार वेळा ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगची दारं उघडी असतात आणि चारही ठिकाणी पहिल्या फेरीत हरली तरी वर्षाचा प्रवास आणि कोच यांची बरीचशी सोय होते. पहिल्या शंभरात यायचं असं सगळे म्हणतात. माझ्या मते या खेळात पोट भरतं की नाही ते ठरतं सव्वादोनशेला. त्याच्या खालच्या शेकडो मुली घरच्या पैशावर, स्पॉन्सरवर नाहीतर कर्जावर खेळत असतात. यात टॅलेंट कमी असल्याचा प्रश्न नसतो. तीनशेव्या नंबरच्या मुलीचा फोरहँड बघाल तर तोंडात बोट घालाल.

म्हणून या करिअरमध्ये कुठल्या आठवड्यात कुठे खेळायचं हा निर्णय बॅकहँडइतकाच महत्त्वाचा. आयटीएफच्या स्पर्धेसाठी प्रवेशाची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी संपते आणि नाव मागे घेण्याची मुदत १३ दिवस आधीच्या मंगळवारी. वेळ ग्रिनिचची दुपारी दोन, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. आमच्याकडच्या मोठ्या मुलींच्या आया त्या दोन दिवशी सातपासूनच लॅपटॉप उघडून बसतात. प्रवेशयादीत कट ऑफ कुठे लागतोय, आपला नंबर मेन ड्रॉमध्ये येतो की क्वालिफाइंगमध्ये की ऑल्टरनेटमध्ये, म्हणजे प्रतीक्षायादीत, हे बघून ठरवायचं असतं. ऑल्टरनेट दहावी असताना परदेशाचं तिकीट काढणं म्हणजे जुगार. ऑल्टरनेट दुसरी असेल आणि स्पर्धा गाडीच्या अंतरावर असेल तर मात्र जरूर जावं, कारण ऐन वेळी कुणाचा तरी घोटा मुरगळतो, कुणाचा व्हिसा येत नाही.

स्पर्धा गटाने निवडाव्यात. सोलापूर, पुणे, नवी मुंबई इथे महिलांच्या आयटीएफ स्पर्धा होत आल्या आहेत, आणि त्या लागोपाठच्या आठवड्यांत आल्या तर आपल्या मुलींनी त्या सोडूच नयेत. एका रॅकेट बॅगेत आणि एका सॅकमध्ये महिना निघतो, हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरहून पुण्याला येता येतं, मधे घरी एक रात्र झोपता येतं. सोलापूरचा पहिला दिवस कसा असतो सांगते. सकाळी कोर्टवर पोहोचायचं, वॉर्मअपसाठी कोर्ट मिळवायचं, आणि ते चार जणींत वाटून घ्यायचं. दोघी एका कर्णावर, दोघी दुसऱ्या. त्यात कुणी युक्रेनची, कुणी जपानची, कुणी अहमदाबादची. क्वालिफाइंगमध्ये तिसरा सेट नसतो, दहा गुणांचा टायब्रेक असतो, त्यामुळे चांगलं खेळूनसुद्धा पाच मिनिटांत गाशा गुंडाळावा लागतो. खालच्या स्पर्धांत कधी कधी पंच खुर्चीवर नसतोच, दोन-तीन कोर्टांवर मिळून एकजण फिरत असतो आणि लाइनचे कॉल तुम्हीच द्यायचे असतात. हार्ड कोर्टवर चेंडूची खूण दिसत नाही. समोरची पोर बिनदिक्कत आतला बॉल 'आउट' म्हणते. आपली मुलगी गोंधळून बाबांकडे बघते, आणि सामना तिथेच फिरतो. पंचाला शांतपणे बोलावून घ्यायचं आणि लगेच पुढच्या पॉइंटला उभं राहायचं, याचा सराव आम्ही अकादमीत मुद्दाम करून घेतो. मी स्वतः खोटे कॉल देऊन मुलींना रडवते, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

गटिंगचंही, म्हणजे रॅकेटला तारा (गट) घालण्याचंही सांगून ठेवते. मोठ्या खेळाडू प्रत्येक सामन्याआधी रॅकेटला नवा गट घालून घेतात. आपल्याला ते परवडत नाही, पण पॉलिस्टरचा गट लवकर मरतो. तुटत नाही, नुसता मरतो. बॉल पूर्वीसारखा खाली पडत नाही, आणि मुलगी उगाच मनगट वळवून तो खाली पाडायला जाते. तिथून मनगटाची आणि कोपराची दुखणी सुरू होतात. एका रॅकेटला साधारण बारा मीटर गट लागतो, म्हणजे २०० मीटरच्या रीळमध्ये सोळा रॅकेट होतात. सुटे पॅक घेण्यापेक्षा रीळ स्वस्त पडतं. शक्य असेल तर मुलीने गटिंग स्वतः शिकावं. सोलापूरच्या उन्हात बॉल उडतो, तिथे एक-दोन पाउंड घट्ट ओढावं लागतं. पुण्यातल्या गार सकाळी तोच ताण हाताला दगडासारखा लागतो. हे कुठल्याही मशीनवाल्याला आयत्या वेळी समजावून सांगण्यापेक्षा वहीत लिहून ठेवलेलं बरं.

आता दुहेरीबद्दल. आपल्याकडे दुहेरी म्हणजे एकेरीत न जमलेल्यांची सोय असं समजतात आणि मला याचा फार राग येतो. सानिया मिर्झाने २००५ मध्ये हैदराबादला डब्ल्यूटीए एकेरीचं विजेतेपद मिळवलं, २००७ मध्ये ती एकेरीत २७ व्या क्रमांकावर होती. मग मनगट आणि गुडघा यांनी दगा दिला, तिने एकेरी सोडली, आणि २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिली झाली, मार्टिना हिंगिसबरोबर विम्बल्डन जिंकली. बार्शीची प्रार्थना ठोंबरे घ्या. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातून येऊन तिने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर कांस्यपदक मिळवलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती खेळली. दुहेरीने राहण्याच्या खोलीचा खर्च निघतो, रिटर्न आणि व्हॉली सुधारते, आणि परक्या गावात बोलायला एक मैत्रीण मिळते. पंधराव्या वर्षापासून प्रत्येक स्पर्धेत दुहेरीचं नाव द्यावं. जोडीदार शोधायला लाजू नये. साइन-इनच्या टेबलाशी उभं राहून "पार्टनर आहे का?" असं सरळ विचारायचं, सगळे तेच करतात.

किती वर्षं लागतात, हा पुढचा प्रश्न. सानिया अठराव्या वर्षी डब्ल्यूटीए जिंकली हे सगळ्यांना पाठ आहे. अंकिता रैनाचं वेळापत्रक कुणाला माहीत नसतं. ती मूळ अहमदाबादची, पुण्यात येऊन पीवायसी हिंदू जिमखान्यावर हेमंत बेंद्रे सरांकडे घडली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिला एकेरीत कांस्यपदक मिळालं तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. एकेरीतलं तिचं सर्वोत्तम रँकिंग, १६०, मार्च २०२० मध्ये आलं, सत्ताविसाव्या वर्षी. मधली वर्षं आयटीएफच्या गावोगावच्या स्पर्धांत गेली. दुसऱ्या टोकाला माया राजेश्वरन. ती २०२५ च्या मुंबई ओपनमध्ये क्वालिफाइंगपासून खेळत उपांत्य फेरीत पोहोचली, पंधराव्या वर्षी. दोन्ही खरं आहे. तुमची मुलगी कुठल्या वेळापत्रकाची आहे ते सोळाव्या वर्षी कळत नाही, म्हणून तिची बाकीची दारं बंद करू नका.

त्यातलं सगळ्यांत मोठं दार म्हणजे शिक्षण. दहावीच्या वर्षी टेनिस बंद करायचं की शाळा, हा वाद प्रत्येक घरात होतो. राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावी-बारावी करणाऱ्या भरपूर मुली आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही, पण तिथे अभ्यास करून घ्यायला कुणी नसतं. आईने किंवा शिकवणीने ती बाजू धरली नाही तर तीन वर्षांनी मुलीच्या हाती ना रँकिंग ना बारावी अशी गत होते. अमेरिकेतलं कॉलेज टेनिस हा माझ्या मते आपल्या मध्यमवर्गीय घरांसाठी सगळ्यांत शहाणा रस्ता आहे. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून खेळली, परत आली, आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. डॅनियल कॉलिन्स दोनदा अमेरिकन कॉलेज विजेती झाली, मग व्यावसायिक खेळली आणि २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचली. चांगल्या मुलीला पूर्ण शिष्यवृत्ती मिळू शकते, त्यात कोच, फिजिओ, जिम, प्रवास सगळं येतं. त्यासाठी अकरावीपासूनच सामन्यांचे न कापलेले व्हिडिओ, मार्कशीट आणि यूटीआर (सामन्यांच्या निकालांवरून काढलेलं खेळाडूचं रेटिंग) घेऊन तिथल्या कोचना ईमेल पाठवायला लागायचं. बारावीनंतर जास्त काळ मधे घालवला किंवा बक्षिसाचे पैसे घेताना नियम पाहिले नाहीत तर खेळण्याची पात्रता अडचणीत येऊ शकते. ते नियम बदलत असतात. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसकडून, म्हणजे खेळाचे नियम पाहणाऱ्या कचेरीकडून, लेखी उत्तर घ्या.

शरीराबद्दल बोलायला आपल्याकडे कोचही लाजतात. मुलीची पाळी तीन-चार महिने आली नाही तर "व्यायामाने होतं असं" म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी आणि कष्ट जास्त झाल्याची ती खूण असते, पुढे हाडांना बारीक फ्रॅक्चर होतात. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. पांढऱ्या स्कर्टची धास्ती आपल्याच मुलींना असते असं नाही. विम्बल्डननेसुद्धा २०२३ पासून आत गडद रंगाची शॉर्ट्स घालायला परवानगी दिली. आणि औषधं: सर्दीची गोळी, जिममधल्या दादाने दिलेली पावडर, आजीच्या ओळखीच्या वैद्याचं चूर्ण, काहीही घेण्याआधी ते बंदी असलेल्या यादीत बसतं का हे पाहायचं. दम्याचा किंवा दुसरा कायमचा उपचार चालू असेल तर सवलतीची कागदपत्रं आधीच करून ठेवायची. उत्तेजक चाचणीत "मला माहीत नव्हतं" याला किंमत नसते.

परगावी मुलगी कुणाबरोबर राहणार, हे घरी स्पष्ट ठरलेलं असावं. दोघी-तिघी मुलींनी एक खोली घ्यावी. कोच कितीही चांगला असो, त्याची खोली वेगळी. याबद्दल कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या. सट्टेवाल्यांचंही सांगते, कारण पालकांना याचा पत्ताच नसतो. अगदी फिफ्टीन केच्या सामन्यांवरसुद्धा जगभर पैसे लागतात. मुलगी हरली की इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसांच्या घाण शिव्या येतात. तिच्या खेळाशी त्याचा काही संबंध नसतो, कुणाचे तरी पैसे बुडालेले असतात. सामन्याच्या दिवशी तिचा फोन तुमच्याकडे ठेवा. "पायाला काय झालंय गं?" असं प्रेमाने विचारणारा अनोळखी 'फॅन'ही तेच असू शकतो. दुखापतीची माहिती बाहेर देणं, अगदी बोलता बोलता, नियमाने गुन्हा ठरू शकतं, आणि कुणी असं गाठलं तर ते कळवणं बंधनकारक आहे. याचं ऑनलाइन प्रशिक्षण खेळाडूंना करावंच लागतं. ते मुलीच्या वतीने बाबांनी पटापट क्लिक करून संपवू नये, तिच्या शेजारी बसून करून घ्यावं.

खर्च भागवायला स्पर्धेबाहेर काय आहे? जर्मनी, फ्रान्समधल्या क्लबांचे सांघिक सामने असतात. तिथे ठरलेलं मानधन आणि राहण्याची सोय मिळते, आणि बऱ्याच मुलींचा युरोपचा उन्हाळा त्यावरच निघतो. देशात आंतरराज्य आणि राष्ट्रीय कामगिरी धरून ठेवली तर रेल्वे, तेल कंपन्या यांच्या क्रीडा कोट्यातल्या नोकऱ्या असतात. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी वेळेत करावी लागते, म्हणून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, ड्रॉशीट आणि निकालाची प्रत एका फाइलमध्ये लावत जा. स्थानिक स्पॉन्सर मागायला जाताना कपांचा फोटो न्यायचा नाही. पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक आणि त्याचा खर्च एका पानावर न्यायचा. पुण्यातल्या एका कारखानदारांनी माझ्यासमोर एका मुलीचा तसला कागद वाचला, दोन आठवडे कमी करायला सांगितले आणि उरलेल्याचा चेक दिला.

थांबायचं कधी, हे कुणी विचारत नाही, पण मनात सगळ्यांच्या असतं. मी मुलींना डिसेंबरात बसवते. त्या महिन्यात स्पर्धा कमी असतात, वर्षाच्या वह्या समोर असतात. तीनच गोष्टी बघायच्या: आपल्यापेक्षा शंभर-दीडशेने वर असलेल्या मुलींविरुद्ध या वर्षी किती सामने जिंकले, शरीराने किती आठवडे बसवलं, आणि पुढच्या वर्षाचे पैसे कुठून येणार याला नावानिशी उत्तर आहे का. पहिल्यात वाढ असेल तर बाकीच्या दोन्हींवर मार्ग काढता येतो. सलग दोन डिसेंबर पहिल्यात वाढ दिसली नाही तर कॉलेजचे फॉर्म, कोचिंगचा परवाना, नोकरीची जाहिरात हे विषय टेबलावर घ्यायचे, आणि तेव्हा बाबांनी गप्प बसून मुलीला बोलू द्यायचं. या बैठकीला मी अर्धा दिवस राखून ठेवते, चहा दोनदा होतो, आणि निम्म्या वेळा मुलीचा निर्णय घरी येतानाच झालेला असतो.